रनिंग कमी म्हणजे किंमत जास्त? वर्षानुवर्षं उभी ठेवलेली जुनी स्पोर्ट्स कार घेताना आणि सांभाळताना काय काय बघायचं

२०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पेबल बीचला गुडिंग या लिलाव कंपनीकडे १९९५ ची एक मॅक्लारेन एफ१, म्हणजे रस्त्यावर चालवायची सुपरकार, विकली गेली, २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलरला. रनिंग जेमतेम ३९० किलोमीटर. सव्वीस वर्षांत एवढंच. अशी बातमी वाचली की डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते, की गाडी घ्यायची, झाकून ठेवायची आणि तीस वर्षांनी बाहेर काढून विकायची.

आता दुसरी गाडी बघा. १९७८ ची शेवरोले कॉर्व्हेट, इंडियानापोलिस ५०० या शर्यतीच्या पेस कारवरून, म्हणजे शर्यतीत सगळ्यांच्या पुढे वेग ठरवत धावणाऱ्या गाडीवरून काढलेली काळ्या-चंदेरी रंगाची स्पेशल एडिशन. ती येणार म्हटल्यावर लोकांनी छापील किमतीच्या वर पैसे मोजले आणि गाडी घरी नेऊन तशीच उभी केली, कारण ही पुढे सोन्याच्या भावात जाणार असं जो तो म्हणत होता. पण कंपनीने काढल्या ६,५०२, आणि ठेवून देणारेही हजारोंनी. त्यामुळे अगदी नगण्य रनिंगच्या पेस कार आजही विकायला येतच असतात आणि मधल्या वर्षांची महागाई धरली तर मालकाच्या हातात नफा म्हणावा असं काही उरत नाही.

दोन्ही गाड्या न चालवता ठेवलेल्या, मग फरक कुठे पडला? माझं मत असं की कमी रनिंग ही स्वतः किंमत नाहीच, ती आधीच असलेल्या किमतीला गुणणारी गोष्ट आहे, आणि तीसुद्धा रनिंग खरं असेल, गाडी नीट ठेवली असेल आणि काळाने आतून काय खाल्लंय ते तुम्ही आधीच मोजलं असेल तरच. कुठलीही गाडी बघताना मी त्याच क्रमाने जातो.

आधी मॉडेल बघा, मीटर नंतर

पहिला प्रश्न, ही गाडी ५० हजार किलोमीटर चाललेली असती तरी लोकांनी धावत येऊन घेतली असती का? उत्तर नाही असेल तर ५० किलोमीटर चाललेलीही फार कोणी घेणार नाही. मॅक्लारेन एफ१ सगळ्या प्रकारच्या मिळून १०६ बनल्या, आणि रस्त्यावर भरपूर चाललेली एफ१ सुद्धा प्रचंड किमतीला जाते. तिथे कमी रनिंगने वर भर घातली, पाया आधीच होता.

दुसरा प्रश्न, अजून किती जणांनी हेच केलंय? लोक गाडी किती बनली ते बघतात, पण किती ठेवल्या गेल्या हे बघत नाहीत, आणि भाव त्यावर ठरतो. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर उघडणारी गाडी, हे याचं फार बोलकं उदाहरण आहे, स्पोर्ट्स कार नसली तरी. अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून ती गाजली, त्या वर्षी १४,००० बनल्या आणि लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवल्या. नंतर १९८४ च्या मॉडेलला कंपनीने कन्व्हर्टिबल परत आणली आणि जुने ग्राहक इतके चिडले की प्रकरण कोर्टात गेलं. उलट १९८७ ची ब्यूक जीएनएक्स घ्या, फक्त ५४७ बनल्या, त्यातल्याही बऱ्याच जणांनी जपून ठेवल्या, तरी ज्यांनी ठेवल्या त्यांना मूळ किमतीच्या कित्येक पट मिळाले, कारण ती गाडी त्या काळात खरोखर वेगवान होती आणि जी पोरं तेव्हा तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघायची तीच आता पैसेवाली झालीयत. कायदाही कधीकधी भाव हलवतो. अमेरिकेत २५ वर्षांची झालेली परदेशी गाडी तिथल्या नियमांत न बसणारी असली तरी आणता येते, त्यामुळे निसान स्कायलाइनसारख्या जपानी गाड्या त्या वयाला आल्या की मागणी एकदम वाढते.

प्रत्यक्ष करायचं काय तर त्याच मॉडेलचे, शक्यतो त्याच वर्षाचे, गेल्या दोन-तीन वर्षांतले लिलावाचे निकाल काढायचे आणि वहीत दोन रकाने करायचे, एकात नीट वापरलेल्या गाड्यांचा भाव, दुसऱ्यात अगदी कमी रनिंगवाल्यांचा. विकणाऱ्याने मागितलेली किंमत लिहू नका, प्रत्यक्ष विकली गेलेली लिहा. दोन रकान्यांत फार फरक नसेल तर त्या मॉडेलला कमी रनिंगचं कौतुक नाही, तिथेच थांबा.

रनिंग खरं आहे हे सिद्ध करा

"आजोबांनी घेतली होती, कधी काढलीच नाही" ही गोष्ट प्रत्येक विकणारा सांगतो. गोष्टीला पैसे नाही द्यायचे, कागदाला द्यायचे. जुन्या गाड्यांत पाच आकडी मीटर असायचं, ९९,९९९ नंतर परत शून्य, म्हणजे मीटरवरचे ४ हजार हे खरे १ लाख ४ हजारही असू शकतात. केबलवर चालणाऱ्या मीटरची केबल काढून गाडी फिरवायची हा तर जुना खेळ आहे, महागड्या गाड्यांत जास्तच, कारण तिथे एकेका किलोमीटरला किंमत आहे.

कागद म्हणजे मूळ बिल, सर्व्हिस बुकातले शिक्के तारखेसकट, विम्याचे कागद, दरवर्षीच्या तपासणीच्या नोंदी. ब्रिटनमधली गाडी असेल तर एमओटी या तिथल्या सक्तीच्या तपासणीतलं रनिंग ऑनलाइन बघता येतं, फक्त ४० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीतून सूट मिळू शकते म्हणून तिथे नोंदीत खंड दिसू शकतो. अमेरिकेतल्या कागदावर मात्र डोळे झाकून विसंबू नका, कारण २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलना विक्रीच्या वेळी मीटर रीडिंग जाहीर करायच्या नियमातून आता सूट आहे, २०११ पासूनच्या मॉडेलना २० वर्षांपर्यंत ते द्यावं लागतं. म्हणजे आपल्याला ज्या गाड्या हव्यात नेमक्या त्यांच्याच बाबतीत सरकारी कागद गप्प.

म्हणून गाडीलाच विचारायचं. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू, स्टिअरिंगवर हात टेकतो तिथली चकाकी, गिअर नॉब, चावीच्या कडा, दाराचं हँडल, या सगळ्यांनी एकच आकडा सांगायला हवा. उतरतं ऊन असेल तर समोरच्या काचेतून तिरकं बघा, बारीक टिंब टिंब दिसले तर ती काच हजारो किलोमीटर वाळू खात आलीय. बंपरखाली आणि चाकांमागे खडीचे मार, ब्रेक डिस्क झिजून तिच्या कडेला उरलेला उंचवटा, काचांच्या कोपऱ्यातला बनावटीच्या वर्षाचा कोड, सगळं बघा. एका खिडकीची काच बाकीच्यांपेक्षा पाच वर्षांनी नवीन असेल तर का, हे विचारायचंच.

मी एकदा ९ हजार किलोमीटर रनिंग सांगितलेली एक गाडी बघायला गेलो होतो, रंग काय सुंदर, आतला वासही छान, मन अगदी तयार झालेलं. खाली वाकून पेडल बघितले तर क्लचचं रबर कोरं नवीन आणि ब्रेकचं रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत. ९ हजारात क्लचचं रबर बदलावं लागत नाही. अजून दहा मिनिटं शोधल्यावर टायमिंग कव्हरवर जुन्या सर्व्हिसचं स्टिकर सापडलं, त्यावर ६१ हजार. विकणाऱ्याला खरंच माहीत नसावं, त्यानेही कोणाकडून तरी तशीच घेतली होती. पण त्याच्या न माहीत असण्याचे पैसे मी का भरायचे? तेव्हापासून टॉर्च आणि छोटा आरसा घेतल्याशिवाय मी गाडी बघायला जात नाही.

टायर हा फार चांगला साक्षीदार. साइडवॉलवरच्या डॉट नंबरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, २००० च्या आधीच्या टायरवर तीनच आकडे असतात. १९९० ची गाडी, २ हजार रनिंग आणि टायर १९९० चेच, तर गोष्ट जुळते. तीच गाडी आणि टायर २००३ चे असतील तर मधे काय झालं ते विचारा, कदाचित कोणीतरी समजूतदारपणे वयामुळे बदलले असतील आणि जुना सेट बाजूला ठेवला असेल, मग तो सेट दाखवा म्हणायचं.

कुठे आणि कशी उभी होती

१९५७ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा शहरात एक नवीकोरी प्लायमाउथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरून ठेवली, पन्नास वर्षांनी उघडायची म्हणून. २००७ मध्ये उघडली तेव्हा आत पाणी शिरलेलं होतं आणि गाडी म्हणजे गंजाचा एक ढीग उरला होता. नवी गाडी, न चालवलेली, आणि तरी संपली. २०१३ मध्ये नेब्रास्कातल्या पिअर्स गावात लॅम्ब्रेख्ट शेवरोले या बंद पडलेल्या डीलरशिपच्या साधारण ५०० गाड्यांचा लिलाव झाला, त्यात पन्नासच्या आसपास गाड्या १० मैलांपेक्षा कमी चाललेल्या. १.३ मैल चाललेला १९५८ चा शेवरोले कॅमिओ पिकअप १ लाख ४० हजार डॉलरला गेला. पण त्याच लिलावातल्या कितीतरी गाड्या उघड्या शेतात वर्षानुवर्षं उभ्या राहून सडलेल्या होत्या, मीटर कोरं आणि पत्रा गेलेला.

त्यामुळे विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न साधे असतात. खाली माती की फरशी, छप्पर गळायचं का, खोलीतली आर्द्रता कोणी मोजायचं का, बॅटरी काढलेली होती का, शेवटचं कधी चालू केली आणि किती वेळ. कव्हर कसलं होतं हेही विचारा, प्लास्टिकचं कव्हर ओल आत कोंडतं आणि रंगाला फोड आणतं. मग दार उघडून नाकाने काम करायचं. कुबट वास आला की कार्पेट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपा. उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं फोम, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, यातलं काहीही दिसलं तर वायरिंग पूर्ण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण अशा गाडीच्या वायरिंगचा सेट कधीकधी मिळतच नाही.

काळाने काय खाल्लं, याचा हिशेब

खरा पैसा इथे जातो आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. उभी गाडी नवी राहत नाही, ती न वापरता म्हातारी होते.

पेट्रोलपासून सुरू करू. जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट होतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. ७०-८० च्या दशकातल्या पोर्शे ९११ एससी, फेरारी ३०८ च्या इंजेक्शनवाल्या आणि ३२८ अशा गाड्यांत बॉशची के-जेट्रॉनिक ही पेट्रोल इंजेक्शनची सिस्टिम आहे, तिच्या फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल वाटणाऱ्या भागातला प्लंजर (सरकणारा दांडा) अशा पेट्रोलने अडकतो, आणि तो भाग स्वस्त नाही. फेरारी एफ४० च्या बऱ्याच गाड्यांत तर टाक्याच रेसिंगसारख्या रबरी पिशव्यांच्या आहेत, त्यांना वयाची मर्यादा आहे, साधारण १० वर्षांनी बदलायच्या, गाडी एक मीटरही चालली नसली तरी.

टायमिंग बेल्टचं, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ताळमेळात ठेवणाऱ्या पट्ट्याचं तेच. फेरारी टेस्टारोसा, ३४८, एफ३५५ मध्ये बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं. ३ हजार चाललेल्या एफ३५५ चा मूळ बेल्ट हा तिचा खरेपणा सांगतो हे कबूल, पण तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतील आणि इंजिन जाईल. जुन्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या) पोर्शे ९११ मध्ये चेन असते म्हणून तिथे ही एक काळजी कमी.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, नाही बदललं की कॅलिपर आतून गंजून जाम होतात आणि मास्टर सिलिंडर गळतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून बसते. रबरी होज, सस्पेन्शनचे बुश, इंजिनचे ऑइल सील सुकून कडक होतात, गाडी उभी असताना थेंबही पडत नाही आणि पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये चारही बाजूंनी तेल गळायला लागतं. आत बसलात की फेरारीच्या ९० च्या दशकातल्या आणि नंतरच्या गाड्यांची बटणं बोटाला चिकटतात, कारण वरचा मऊ थर विरघळायला लागलेला असतो, आणि एफ३५५ च्या डॅशबोर्डचं चामडं आक्रसून काचेजवळ उचलतं.

आणि टायर, यात अजिबात तडजोड नको. रबराला भेगा दिसत नसल्या तरी ते आतून कडक झालेलं असतं, टायर कंपन्या साधारण १० वर्षं ही शेवटची हद्द धरतात. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या अपघातात गेला त्या पोर्शे कॅरेरा जीटीचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात मुख्य कारण वेग असंच आलं, पण टायरच्या वयाचाही उल्लेख होता. म्हणून जुने मूळ टायर रिमवरून काढून अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, ते गाडीच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि चालवायला नवीन सेट बसवा.

एक विनंती, बघायला गेल्यावर "जरा स्टार्टर मारून दाखवा" असं म्हणू नका, आणि विकणारा स्वतःहून मारायला निघाला तर थांबवा. अनेक वर्षं उभ्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये तेलाचा थर उरलेला नसतो. आधी जुनं पेट्रोल काढायचं आणि टाकीत कॅमेरा घालून बघायचं. मग बेल्टवालं इंजिन असेल तर बेल्ट बदलायचा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, एक-दोन दिवस मुरू द्यायचं, मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, अडकलं तर जोर नाही करायचा. ऑइल आणि फिल्टर बदलून, प्लग बाहेरच ठेवून स्टार्टरने फिरवत राहायचं, मधेमधे थांबत, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. ते दिसल्यावरच प्लग लावून वेगळ्या कॅनमधल्या ताज्या पेट्रोलवर इंजिन चालू करायचं. घाईने मारलेला एक सेल्फ तुमच्या गाडीचं मॅचिंग नंबरचं, म्हणजे कारखान्यातून तिच्याच सोबत आलेलं मूळ इंजिन घालवू शकतो, आणि ते गेलं तर किंमतही गेली.

किंमत कशी लावायची

वहीतल्या पहिल्या रकान्यापासून सुरू करा, म्हणजे नीट वापरलेल्या, चालू, कागद पूर्ण असलेल्या गाडीचा भाव. त्यात कमी रनिंगचा वाढावा मिळवा, पण वर सांगितलेले पुरावे जितके भक्कम तितकाच. मग गाडी रस्त्यावर आणायचा पूर्ण खर्च त्या मॉडेलच्या जाणकार मेकॅनिककडून लेखी घेऊन वजा करा. विकणारा म्हणेल की एवढी कमी चाललीय, कसला खर्च. त्याला टायरचा डॉट नंबर आणि बेल्टची तारीख दाखवा.

ठेवून देण्याचा खर्चही कोणी मोजत नाही. समजा गाडी १०० रुपयांना घेतली आणि जागा, विमा, देखभाल यावर वर्षाला २ रुपये गेले. तेच पैसे दुसरीकडे ५ टक्क्यांनी वाढले असते तर तीस वर्षांत मूळ १०० चे साधारण ४३२ झाले असते आणि दरवर्षीच्या दोन-दोनचे १३३. म्हणजे गाडी ५६५ ला विकली गेली तर तुम्ही जिथे होता तिथेच आहात, फायदा त्याच्यावर सुरू होतो. साडेपाच पट होणाऱ्या गाड्या आहेत, पण फार नाहीत.

अजून एक, जिच्यावर फार कोणी बोलत नाही. अगदी कमी रनिंगचा वाढावा पहिल्या काही किलोमीटरमध्येच उडतो. ८० किलोमीटरची गाडी ८०० ची केली तर ती वेगळ्याच गिऱ्हाइकाची झाली, पण २५ हजारांची २८ हजार केली तर कोणाला काही फरक पडत नाही. तुम्हाला गाडी चालवायची असेल, आणि मला तरी वाटतं की चालवावी, तर २०-३० हजार किलोमीटर चाललेली, दरवर्षी सर्व्हिस झालेली गाडी घ्या, ती स्वस्त पडेल, जास्त भरवशाची असेल आणि प्रत्येक वळणावर मीटरकडे बघून जीव खालीवर होणार नाही. ८० किलोमीटरवाली घेतलीत तर ती वस्तू म्हणून सांभाळायची तयारी हवी.

तुमच्याकडेच अशी गाडी असेल तर

ठेवायच्या आधी इंजिन ऑइल बदला, वापरलेल्या तेलातलं आम्ल बेअरिंगला खातं. टाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरा आणि त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालून थोडं चालवा म्हणजे ते लाइनमध्ये पोचेल. हँडब्रेक सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावा. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा किंवा गाडी स्टँडवर घ्या, पण स्टँड सस्पेन्शनच्या आर्मखाली, चाकं लोंबकळत नकोत. बॅटरीला मेंटेनर चार्जर, म्हणजे ती हळूहळू भरलेली ठेवणारा चार्जर लावा. खोलीची आर्द्रता ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या, फार कोरडं केलं तर चामडं तडकतं. कव्हर कापडी, हवा खेळणारं.

आणि कृपा करून दर रविवारी दहा मिनिटं जागेवर इंजिन चालू करून बंद करू नका. पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, इंजिन पूर्ण तापलं नाही तर ते सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचतं. एकतर २५-३० किलोमीटर नीट चालवा, नाहीतर हात लावू नका.

विमा ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे रक्कम आधीच लिहिलेली असते, आणि दोन-तीन वर्षांनी ती परत तपासा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, बेल्ट, होज, फिल्टरसुद्धा, पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. वर्षातून एकदा मीटरचा, चासी नंबरचा आणि टायरचा फोटो काढून तारखेसकट वहीत नोंद करा. गाडी कुठे न्यायची झाली तर बंद ट्रकमधूनच, चढवताना आणि उतरवताना मीटरचा फोटो काढून ट्रकवाल्याची सही घ्या, कारण वीस वर्षांनी गाडी बघायला येणारा माणूसही टॉर्च आणि आरसा घेऊनच येणार आहे.